विमानतळाशेजारी प्लॉट घेताय? आधी आभाळाची हद्द विचारा

कराडच्या विमानतळाच्या विस्तारवाढीचा विषय निघाला की वारुंजी-मुंढ्याच्या शिवारात पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुणाचं किती रान जाणार? प्रश्न रास्तच आहे. बारमाही पाण्याखालचं रान कोण सुखासुखी सोडेल? मोजणीवाले आले की माणसं बांधावर गोळा होतात, ग्रामसभेत ठराव होतात, वर्तमानपत्रांत आकडे छापून येतात. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कायम मागे पडते. ज्याचं एक गुंठाही संपादनात जाणार नाही, कुंपणापासून दोन-चार किलोमीटर लांब ज्याचा प्लॉट आहे, त्याच्या जागेवरही विमानतळाचे नियम लागतात. सात-बारा त्याच्याच नावावर राहतो, घरपट्टीही तोच भरतो. फक्त त्या जागेवर किती उंच बांधायचं हे त्याच्या एकट्याच्या हातात राहत नाही.

हा विमानतळ आजचा नाही. १९५०च्या दशकात कोयना प्रकल्पाच्या कामाला सोय म्हणून तो बांधला गेला. धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे छोटी विमानं आणि हेलिकॉप्टर यांच्यापुरती. तेव्हा भोवती मोकळं शिवार होतं. आता एका अंगाला चिपळूणकडे जाणारा रस्ता आणि विजयनगरची वस्ती, दुसऱ्या अंगाला कराड आणि मलकापूर, आणि मधल्या रानात रोज नवे एनए प्लॉट पडताहेत. नियम समजून घ्यायची गरज आहे ती इथे.

चावडीवर, चहाच्या टपरीवर तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलल्या जातात. "आमची जमीन विमानतळात आहे" असं कुणी म्हणालं तर त्याचे तीन अर्थ निघू शकतात.

पहिला अर्थ भूसंपादन. यात जमिनीची मालकीच जाते. २०१३च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे अधिसूचना निघते, हरकती घेतल्या जातात, निवाडा होतो, मोबदला ठरतो. हे सगळं प्रांत कचेरीतून चालतं आणि त्याच्या खुणा महसुली कागदावर उमटतात. लोकांना हा भाग चांगला माहीत आहे. धरणांनी आणि महामार्गाने तो इथल्या दोन पिढ्यांना शिकवलाय.

दुसरा अर्थ जमिनीचा वापर. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली शहराचा विकास आराखडा होतो आणि शहराबाहेरच्या भागाची प्रादेशिक योजना होते. तुमचा गट शेती विभागात आहे, रहिवास विभागात आहे, की विमानतळासाठी आरक्षित दाखवलाय, हे त्या नकाशावर ठरतं. मालकी तुमचीच राहते, पण आरक्षण असेल तर त्या जागेवर घराचा नकाशा मंजूर होत नाही. हे आरक्षण कायमचं टांगून ठेवता येत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. योजना लागू होऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर याच कायद्याच्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं.

तिसरा अर्थ उंचीची मर्यादा. ही केंद्र सरकारची. मालकी जात नाही, आरक्षण पडत नाही, सात-बाऱ्यावर एक अक्षरही उमटत नाही. म्हणूनच ती सगळ्यात जास्त लोकांना लागू असते आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

आभाळातली परात

विमान घारीसारखं वरून झेपावत खाली येत नाही. ते लांबून, अगदी हलक्या उताराने, एका सरळ रेषेत धावपट्टीकडे येतं. उडतानाही तसंच. एखादं इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या ताकदीवर ते हळूहळू वर चढलं पाहिजे, आणि त्या वाटेत टाकी, टॉवर, चिमणी, झाड काही आडवं येता कामा नये. यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, धावपट्टीभोवती काही काल्पनिक पृष्ठभाग ठरवून दिलेत. त्यांच्या खाली बांधा, त्यांना छेदून वर जाऊ नका, इतकाच त्यांचा अर्थ.

त्यांचा आकार डोळ्यांपुढे आणायचा तर धावपट्टीच्या डोक्यावर अधांतरी ठेवलेली भली मोठी परात आठवा. परातीचा तळ विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर. बाराशे मीटरहून मोठ्या धावपट्टीसाठी हा सपाट तळ साधारण ४ किलोमीटरपर्यंत पसरतो. त्यापुढे परातीची कड सुरू होते, दर वीस मीटर लांबीला एक मीटर चढत बाहेर जाणारी. याखेरीज धावपट्टीच्या दोन्ही टोकांना विमानाच्या येण्याजाण्याची वाट म्हणून एकेक तिरपी पट्टी निघते. ती टोकाशी अरुंद आणि जमिनीला टेकलेली, बाहेर जाईल तशी रुंद आणि उंच. धावपट्टीच्या दोन्ही अंगांनाही एक चढ आहे, बराच तीव्र, सात मीटरला एक मीटर.

आता प्लॉट कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. धरा की धावपट्टी समुद्रसपाटीपासून ५७० मीटरवर आहे. तिच्या बाजूला दोन किलोमीटरवर तुमची जागा आहे आणि तिथली जमीन ५७२ मीटरवर आहे. परातीचा तळ ५७० अधिक ४५, म्हणजे ६१५ मीटरवर. तुम्हाला मिळाले ४३ मीटर. मजला तीन मीटरचा धरला आणि जोतं, टाकी वजा केली तरी बारा-तेरा मजले सहज बसतात. दुमजली बंगला बांधणाऱ्याला या नियमाची झळ अजिबात लागत नाही. "विमानतळ झाला की दहा किलोमीटरमध्ये बांधकाम बंद" अशी आवई अधूनमधून उठते, तिला काही आधार नाही.

हीच जागा धावपट्टीच्या टोकाच्या रेषेत असेल तर मात्र गणित पार बदलतं. तिथे ४५ मीटर विसरा. तिथे उतार चालतो.

वाढीव धावपट्टी आणि बदललेला उतार

विस्तारवाढीची चर्चा एकरांत होते, पण कुंपणाबाहेरच्या माणसासाठी खरा फरक उतारात पडतो. म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

वैमानिक नुसत्या डोळ्यांनी धावपट्टी बघून विमान उतरवतो, त्या प्रकारच्या मध्यम धावपट्टीसाठी येण्याच्या वाटेचा उतार तीसला एक असतो. तीस मीटर लांब गेलं की एक मीटर उंची मोकळी होते. ही वाट तीन किलोमीटर लांब असते. धुक्यात, पावसात, रात्री उपकरणांच्या आधाराने विमान उतरवायचं असेल तर उतार पन्नासला एक होतो. वाट अधिक रुंद होते आणि मोठ्या धावपट्टीसाठी ती पंधरा किलोमीटरपर्यंत लांबते. नियमित प्रवासी सेवा वर्षभर भरवशाने चालवायची तर आज ना उद्या उपकरणांची सोय येणारच. कराडला पावसाळा कसा असतो हे सांगायला नको.

आता एक प्लॉट घ्या, वाट जिथून सुरू होते तिथून सरळ रेषेत ९०० मीटरवर. जमीन धावपट्टीच्याच पातळीला. आजच्या तीसला एक उताराने तिथे ३० मीटर उंची मिळते. उद्या धावपट्टी त्याच दिशेला ५०० मीटरनी लांबली, तर वाटेची सुरुवातही ५०० मीटर पुढे सरकते. प्लॉट हलला नाही, पण तो आता ४०० मीटरवर आला. त्यात उतार पन्नासला एक झाला. ४०० भागिले ५० म्हणजे ८ मीटर. जोतं, तळमजला, पहिला मजला, गच्चीचा कठडा आणि वर पाण्याची टाकी, एवढ्यात ८ मीटर संपतात. नऊ-दहा मजल्यांची मुभा असलेला प्लॉट एक मजला चढवतानाही अडखळतो. त्या मालकाचा एक गुंठाही संपादनात गेलेला नसतो, आणि म्हणून विस्तारवाढीच्या यादीत त्याचं नावही नसतं.

माझं स्पष्ट मत असं की विस्तारवाढीच्या कोणत्याही बैठकीत संपादनाच्या नकाशाबरोबर हा दुसरा नकाशाही टेबलावर आला पाहिजे. धावपट्टी कोणत्या टोकाला वाढणार, ती कोणत्या प्रकारची होणार, आणि त्यानंतर टोकांच्या रेषेतल्या गटांना किती उंची उरणार, हे तीन प्रश्न आधी विचारले गेले तर निम्मी भांडणं वेळेवर होतील. आत्ता ती दहा वर्षांनी, घराचं काम स्लॅबपर्यंत आल्यावर होतात.

उंची जमिनीपासून मोजत नाहीत

घोटाळ्याचं मोठं कारण हे. विमानतळाची परवानगी "इतके मीटर उंच बांधा" असं सांगत नाही. ती सांगते, तुमच्या इमारतीचं सर्वांत वरचं टोक समुद्रसपाटीपासून इतक्या मीटरच्या वर जाता कामा नये. त्यातून तुमच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा केली की उरते ती तुमची.

याचे परिणाम गमतीशीर आहेत, सोसणाऱ्याला सोडून. आगाशिवाच्या उतारावर कुणी देखणा प्लॉट घेतला, खालचं शहर दिसतं, हवा छान. पण डोंगराच्या अंगावर जितकं चढावं तितकी ती परात जवळ येते. जागाच धावपट्टीपेक्षा ३५ मीटर उंचावर असेल आणि ती परातीच्या तळाखाली येत असेल तर हातात १० मीटर उरतात. खाली सखल भागातल्या प्लॉटला मात्र भरपूर मुभा.

सखल भागाचं दुखणं वेगळंच. कराड असो की सांगली, २०१९चा पूर कुणी विसरलेलं नाही. पाटबंधारे खात्याची वरचेवर येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि मोठ्या पुराची लाल रेषा आता शाळकरी पोरांनाही कळते. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. म्हणून लोक मुरूम टाकून भराव करतात, खाली नुसते खांब उभे करून वर घर चढवतात. पुराच्या दृष्टीने हे योग्यच. पण विमानतळाचा हिशोब समुद्रसपाटीपासून असल्याने भरावाचा प्रत्येक मीटर तुमच्या वरच्या मजल्यातून कापला जातो. एक रेषा खालून ढकलते, दुसरी वरून दाबते. धावपट्टीच्या टोकाला आणि नदीच्या जवळ अशा दोन्ही ठिकाणी एकदम येणाऱ्या प्लॉटचा भाव ठरवताना हे कुणी धरत नाही, निदान दलाल तरी सांगत नाहीत.

आणखी एक खाच आहे. राज्याची २०२० पासून लागू झालेली एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली, जिला इंजिनिअर मंडळी युडीसीपीआर म्हणतात, ती इमारतीची उंची मोजताना गच्चीवरची टाकी, लिफ्टची खोली अशा काही गोष्टी ठरावीक मर्यादेत सोडून देते. विमानतळाच्या हिशोबात काहीही सुटत नाही. टाकी, लिफ्टची खोली, मोबाईलचा अँटेना, वीजरोधक सळी, सोलरची चौकट, सगळं धरून वरचं टोक मोजायचं. दोन नियमावल्यांतल्या उंचीच्या वेगळ्या व्याख्या माहीत नसल्या की इंजिनिअरचा नकाशा एका टेबलावर पास होतो आणि दुसऱ्यावर अडतो.

परवानगी कुठे आणि कशी

या सगळ्याला कायद्याचा आधार होता १९३४च्या विमान कायद्यातल्या कलम ९अ चा. विमानतळाच्या संदर्भ बिंदूपासून, म्हणजे विमानतळाच्या साधारण मध्याशी धरलेल्या बिंदूपासून, २० किलोमीटरपर्यंत बांधकामं आणि झाडं यांवर बंधन घालण्याचा अधिकार केंद्राला त्यातून मिळाला. १ जानेवारी २०२५ पासून तो जुना कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला, पण बहुतेक चौकट तीच राहिली. प्रत्यक्ष उंचीचे नियम ३० सप्टेंबर २०१५ रोजी निघालेल्या अधिसूचनेत आहेत, आणि २०२० मध्ये त्यांत दुरुस्ती झाली.

वीस किलोमीटर म्हणजे किती, याचा अंदाज येण्यासाठी कराडच्या धावपट्टीवर कंपासचं टोक ठेवून वर्तुळ काढा. उत्तरेला उंब्रज आत, मसूर आत, आणि दक्षिणेला जिल्ह्याची हद्द ओलांडून वर्तुळ वाळवा तालुक्यात कासेगावच्या आसपास पोचतं. त्यातल्या बहुतांश गावांना रोजच्या घरबांधणीत काहीच जाणवत नाही, कारण इतक्या अंतरावर मुभा शंभर-दीडशे मीटरच्या घरात असते. जाणवतं ते साखर कारखान्याच्या चिमणीला, मोबाईल टॉवरला, उंच वीजवाहिनीच्या मनोऱ्याला.

प्रत्येक घरमालकाने दिल्लीकडे अर्ज करत बसू नये म्हणून या नियमांत रंगीत झोन नकाशाची सोय आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण विमानतळाभोवतीच्या भागाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला रंग देतं, आणि त्या रंगाला समुद्रसपाटीपासूनची एक कमाल उंची जोडलेली असते. नकाशा प्रसिद्ध झाला असेल आणि तुमची इमारत त्या उंचीच्या आत असेल तर नगरपालिका किंवा नियोजन प्राधिकरण तुमचा नकाशा स्वतःच मंजूर करू शकतं, प्राधिकरणाच्या वेगळ्या एनओसीची गरज पडत नाही. अपवाद लाल चौकोनांचा. ते धावपट्टीला लागून आणि येण्याजाण्याच्या वाटेत असतात. तिथे पत्र्याचं गोडाऊन असलं तरी प्राधिकरणाचीच एनओसी लागते. हा लाल आणि पुराचा लाल यांची गल्लत करू नका. इथल्या लाल चौकोनाचा अर्थ बांधकामबंदी असा नाही, "आधी आम्हाला विचारा" असा आहे.

एनओसीचा अर्ज ऑनलाइन होतो, प्राधिकरणाच्या नोकास नावाच्या प्रणालीवर. त्यासाठी दोन गोष्टी नेमक्या लागतात: जागेचे अक्षांश-रेखांश आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, दोन्ही जाणकार सर्वेक्षकाने मोजून प्रमाणित केलेल्या. मोबाईलवरचा नकाशा उघडून आकडे उतरवायचे, हा उद्योग करू नका. दिलेली माहिती प्रत्यक्ष जागेशी जुळली नाही तर एनओसी रद्दबातल ठरते, आणि ते कळतं इमारत उभी राहिल्यावर. इमारतीसाठी एनओसी ८ वर्षं चालते. काम सुरू होऊन रेंगाळलं असेल तर मुदत संपायच्या आत पुन्हा वैध करून घ्यावी लागते.

मंजूर उंचीपेक्षा जास्त हवी असेल तर काही भागांत वैमानिकी अभ्यासाची, म्हणजे जादा उंचीने उड्डाणाला धोका होतो का याच्या तज्ज्ञ तपासणीची, वाट आहे. पुढे मुळातच मोठा डोंगर किंवा अडथळा उभा असेल तर त्याच्या आडोशाचा विचारही नियमांत आहे. दोन्ही खर्चिक आणि वेळखाऊ. मोठ्या प्रकल्पालाच परवडतात. चार गुंठ्यांच्या मालकाने त्यांच्या भरवशावर प्लॉट घेऊ नये.

आता व्यवहाराचा मुद्दा. प्लॉट घेताना आपल्याकडे सात-बारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश आणि फार तर झोन दाखला बघतात. झोन दाखल्यावर रहिवास विभाग लिहिलं की सगळे निर्धास्त. पण झोन दाखला वापर सांगतो, उंचीबद्दल त्यात काही असेलच असं नाही. बिनशेतीचा आदेशही त्या जागी शेतीशिवाय काय करता येईल तेवढंच सांगतो. नगररचना कार्यालयात वेगळा प्रश्न विचारावा लागतो: हा गट विमानतळाच्या उंचीच्या नियमांत येतो का, आणि येत असेल तर समुद्रसपाटीपासून कमाल किती? सांगलीत गुंठेवारीचा सोस जुना आहे, म्हणून तिथल्यांसाठी एक जादा वाक्य. २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित करून घेतला म्हणून केंद्राच्या उंचीच्या नियमातून सुटका होत नाही. तो कायदा राज्याचा आहे, त्याचं काम प्लॉट आणि बांधकाम नियमित करण्यापुरतं.

आधीच उभं असलेलं, आणि झाडं

नियम नंतर आला, घर आधीचं. मग? अशा अडथळ्यांसाठी १९९४चे वेगळे नियम आहेत, इमारती आणि झाडं यांचे अडथळे काढण्याबाबतचे. विमानतळाचा प्रभारी अधिकारी मालकाला नोटीस देतो, कागदपत्रं मागवली जातात, निर्णय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा असतो आणि अंमलबजावणीसाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे येतं. झाडं यात इमारतीइतकीच गंभीरपणे धरली आहेत. बांधावरचा नारळ आणि निलगिरी टोकाच्या रेषेत असतील तर नोटीस त्यांच्यावरही निघते. उसाची काळजी करू नका, तो इतका वाढत नाही.

नोटिसा वर्षानुवर्षं कागदावर राहतात, हेही खरं. मुंबई विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरचे मजले काढण्याचे आदेश उच्च न्यायालयाला जुलै २०२२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे लागले, ते यामुळेच. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला उड्डाणानंतर लगेच विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. तो अपघात इमारतीच्या उंचीमुळे झालेला नव्हता, पण धावपट्टीच्या रेषेत माणसं राहतात म्हणजे काय हे सगळ्या देशाने पाहिलं. त्यानंतर काही दिवसांतच केंद्राने अडथळे पाडण्याच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात मालकाने ६० दिवसांत माहिती देणं, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कारवाई, आणि नियम मोडून बांधलेल्याला भरपाई नाही, अशा गोष्टी आहेत.

भरपाईबद्दल थोडं. १९३४च्या कायद्यात कलम ९ब होतं: सरकारच्या निर्देशामुळे कुणाचं नुकसान झालं तर भरपाई, रक्कम आपसात ठरवून किंवा लवादाकडून. म्हणजे आधीपासून कायदेशीर उभं असलेलं घर किंवा झाड काढायला लावलं तर मागणीला आधार आहे. म्हणून जुन्या घराचे कागद, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या, बांधकामाचं वर्ष दाखवणारं काहीही जपून ठेवा. "प्लॉटवर आता सहाच मजले होतील, पूर्वी दहा झाले असते" अशा हुकलेल्या शक्यतेचे पैसे मिळवणं मात्र फार अवघड. मला हे अन्यायाचं वाटतं. शहराच्या सोयीसाठी ज्याचं आभाळ आखडतं त्याला निदान घरपट्टीत, विकास शुल्कात काही सवलत देता येईल, आणि चटई क्षेत्र दुसरीकडे वापरण्याची मुभा देणारे हक्क इतर आरक्षणांसाठी आपल्याकडे दिले जातातच.

घारी, कचरा आणि फवारणीचा ड्रोन

जमिनीच्या वापरावर विमानतळाचं आणखी एक बंधन आहे आणि ते पक्ष्यांमुळे. १९३७च्या विमान नियमांतला नियम ९१ सांगतो की संदर्भ बिंदूपासून १० किलोमीटरच्या आत घारी-गिधाडं आकर्षित होतील अशा रीतीने जनावर कापणं, सोलणं, कचरा, हॉटेल आणि मटण-मासळीच्या दुकानांतली घाण उघड्यावर टाकणं चालणार नाही. पुरेशी व्यवस्था केली असेल तर महासंचालक परवानगी देऊ शकतात. कराड आणि मलकापूर दोन्ही या दहा किलोमीटरच्या आत आहेत. कचरा डेपोचं तर २०१६च्या घनकचरा नियमांनी आणखी कडक केलं: विमानतळापासून २० किलोमीटर दूर, आणि खास बाबीत १० ते २० किलोमीटरमध्ये, तेही ना हरकत घेऊन. २०२०च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं होतं, तेव्हा शहराचं ठीक चाललंय असं धरू. प्रश्न भोवतीच्या ग्रामपंचायतींचा आहे. ओढ्याकाठी टाकलेली पोल्ट्रीची घाण घारींना पाच मिनिटांत सापडते.

ड्रोनने उसावर, द्राक्षावर फवारणी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा झोन आहे, म्हणजे तिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. त्याहून जवळ जायचं तर डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आधी बघा.

कवलापूरची उलटी गोष्ट

सांगलीकरांचं दुखणं कराडकरांच्या नेमकं उलट आहे. कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, दीडशे एकरांहून जास्त सरकारी जागा आहे, आणि विमान नाही. जागा औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली तेव्हापासून तिथे विमानतळ व्हावा की उद्योग यावा यावर वाद चालू आहे. विमानतळाच्या बाजूने बोलणारे नेहमी त्या आतल्या एकरांचा हिशोब मांडतात: जागा पुरेल का, आणखी किती लागेल.

पण उंचीचे नियम ज्या विमानतळांची नावं त्या नियमांना जोडलेल्या अनुसूचीत आहेत त्यांच्याच भोवती लागतात. जो विमानतळ चर्चेत आहे पण कागदावर नाही, त्याच्या भोवती काही लागू नसतं. तोवर सांगली-तासगाव रस्त्याने वस्ती वाढत राहते, टॉवर उभे राहतात, शीतगृहं होतात, आणि हे सगळं पूर्ण कायदेशीर. उद्या विमानतळ मंजूर झालाच तर सर्वेक्षणाला येणारा माणूस आधी दोन्ही टोकांच्या रेषेतले अडथळे मोजेल. त्यातला प्रत्येक अडथळा परवानगी घेऊन बांधलेला असेल, म्हणून तो काढायचा तर भरपाई द्यावी लागेल, नाहीतर उतरण्याची जागा अडथळ्यापासून लांब, धावपट्टीवर आत सरकवून धावपट्टी आखूड वापरावी लागेल. हातातल्या मीटरांतून मीटर गमवायचे, तेही मोठ्या विमानासाठी ती आधीच कमी पडत असताना.

यावर उपाय राज्याच्या हातात आहे, केंद्राच्या नाही. प्रादेशिक योजनेत फेरबदल करून धावपट्टीच्या दोन टोकांच्या रेषेत, निदान पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये, कमी उंचीचा पट्टा आजच दाखवता येतो. शेती चालू राहील, एकमजली घरं होतील, गोदामं होतील, फक्त टॉवर आणि उंच इमारती नाहीत. त्यासाठी हरकती-सूचना मागवाव्या लागतील आणि त्या दोन टोकांचे शेतकरी सुनावणीत विचारतील की विमानतळ होणार हे नक्की नसताना आमच्यावर बंधन का. विमानतळाची मागणी करणाऱ्यांकडे या प्रश्नाचं उत्तर तयार पाहिजे, आणि त्यात बंधनाची मुदत किती वर्षांची हेही पाहिजे.